खासगी बेटाचं कौतुक कशाला? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. राग आलेला दिसतोय, आणि राग यायला जागा आहे, म्हणून दोन ओळींत थँक्यू म्हणून मोकळं व्हायचं नाही असं ठरवलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की समुद्र कोणाच्या बापाचा नसतो, मग बेट विकत घेऊन बसलेल्या लोकांचं कौतुक कशाला करायचं, त्यापेक्षा सरकारने ते ताब्यात घेऊन सगळ्यांना खुलं करावं, आणि तसंही तिथे करण्यासारखं काही नाही, नुसतं बसायला एवढे पैसे कोण घालवेल.

ज्यांनी मूळ पोस्ट वाचली नाही त्यांच्यासाठी सांगते. विषय आहे लिटल सेंट सायमन्स या खासगी बेटाचा, तिथे मी राहून आले आणि त्याचं कौतुक लिहिलं. अमेरिकेत जॉर्जिया राज्याच्या किनाऱ्याला, अल्टामाहा नदीच्या मुखाशी. सुमारे 11,000 एकर जागा, मोठा भाग खाजणाचा, बाकी ओकची जंगलं आणि समुद्राच्या बाजूला अकरा-एक किलोमीटरची पुळण. पूल नाही, बोटीनेच जायचं, आणि मुक्कामाला एका वेळी जास्तीत जास्त 32 पाहुणे.

आधी मालकीचं. समुद्र कोणाच्या बापाचा नाही हे तुमचं वाक्य जॉर्जियाच्या कायद्यालाही मान्य आहे. तिथल्या सुप्रीम कोर्टाने 1976 मध्ये स्टेट विरुद्ध अ‍ॅशमोर या खटल्यात सांगून टाकलं की भरतीच्या रेषेपासून ओहोटीच्या रेषेपर्यंतची पुळण राज्याची, म्हणजे लोकांची. त्यामुळे कोणी स्वतःची होडी घेऊन आलं आणि त्या ओल्या वाळूवर चाललं तर त्याला हटकता येत नाही, मालक कोणीही असो. खासगी आहे ती वरची कोरडी जमीन.

आता सरकारने घेऊन खुलं करावं हा मुद्दा. याच किनाऱ्यावर दक्षिणेला कंबरलँड आयलंड आहे, 1972 पासून ते नॅशनल सीशोअर आहे, म्हणजे सरकारी, म्हणजे तुम्हाला हवं तसंच. पण तिथेही पूल नाही, बोटीनेच जायचं, आणि वर्षानुवर्षं तिथे दिवसाला 300 माणसांची मर्यादा ठेवलेली. बेट केवढं, तर साधारण 36,000 एकर. हिशोब करून बघा, माणशी 120 एकर. लिटल सेंट सायमन्सला तोच हिशोब माणशी साडेतीनशे एकरांच्या आसपास जातो. म्हणजे सरकारी असो की खासगी, दोन्हीकडे ज्यांना बेट टिकवायचंय त्यांनी एकच गोष्ट केली, माणसं मोजली. माझ्या पोस्टमध्ये कौतुक होतं ते या मोजण्याचं, मालकाच्या सातबाऱ्याचं नाही. जॉर्जियाच्या किनाऱ्यावर उघड्या समुद्राला लागून असलेल्या मोठ्या बेटांपैकी रस्त्याने जाता येतं ती चारच आहेत, टायबी, सेंट सायमन्स, सी आयलंड आणि जेकिल, आणि जिथे रस्ता पोचला तिथे बंगले, पार्किंग आणि दिवे पोचले. यात कोणाला नावं ठेवायची नाहीत, लोकांना समुद्राजवळ राहावंसं वाटतं हे साहजिक आहे. पण ज्या बेटांवर रस्ता नाही तिथे काय शिल्लक आहे ते बघा.

मी कासवांचंच सांगते, कारण "खुलं केलं तर बिघडतं काय" याचं सगळ्यात सरळ उत्तर तिथे आहे. लॉगरहेड कासवाची मादी मे ते ऑगस्टच्या दरम्यान रात्री वर येते, कोरड्या वाळूत खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, बुजवते आणि परत जाते. साधारण दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात तीही बहुतेक रात्रीच, आणि ती फक्त एकच गोष्ट शोधतात, जिकडे क्षितिज उजळ आणि मोकळं दिसतं ती दिशा. लाखो वर्षं ती दिशा समुद्राचीच होती. आता मागे हॉटेलचा बल्ब लागला की पिल्लू बल्बकडे चालायला लागतं, आणि सकाळी ऊन वर आलं की संपलं. त्याच्यासाठी एक व्हरांड्यातला दिवा पुरतो, कोणी वाईट वागायची गरज नाही. जॉर्जियात 2004 साली या कासवांची फक्त 358 घरटी मोजली गेली होती, 2022 साली 4,000 च्या वर. याचं श्रेय खासगी बेटांना एकट्यांना देणं चुकीचं होईल, कोळंबीच्या जाळ्यांना कासव बाहेर निसटेल अशी जाळी सक्तीने बसवली, सगळ्या बेटांवर दर पहाटे फिरून घरटी राखणारी माणसं आहेत, त्यांचं ते काम. पण घरटं राखायला आधी अंधारी पुळण लागते, आणि अंधारी पुळण माणसं कमी असतात तिथेच उरते.

पक्ष्यांचं तर त्याहून नाजूक. विल्सन्स प्लोव्हर नावाचा चिखल्या तिथे उघड्या वाळूत घरटं करतो, घरटं कसलं, वाळूतला खळगा आणि त्यात तीन अंडी, वाळूच्याच रंगाची, पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. आम्हाला निसर्ग दाखवायला बरोबर आलेल्या नॅचरलिस्ट बाईने अचानक हात आडवा करून सगळ्यांना थांबवलं, आणि समोर एक पक्षी पंख ओढत, मोडल्यासारखा लोळत लांब लांब चाललेला. जखमी नव्हता हो, आम्हाला घरट्यापासून दूर न्यायचं त्याचं नाटक चाललेलं. तिने लगेच मागे फिरवलं, कारण जेवढा वेळ तो हे करत बसतो तेवढा वेळ अंडी उन्हात उघडी, आणि तापलेल्या वाळूत ती पटकन दगावतात. दिवसातून एखादा घोळका गेला तर पक्षी निभावून नेतो, दर पाच मिनिटांनी कोणी ना कोणी गेलं तर कसं निभावणार, आणि सोबत मोकळा कुत्रा असेल तर बोलायलाच नको.

तुम्ही हेही लिहिलंय की "अस्पर्श निसर्ग" वगैरे मार्केटिंग आहे. अस्पर्श हा शब्द मी वापरला नव्हता आणि वापरणारही नाही, कारण ते बेट अस्पर्श नाहीच. 1908 च्या आधी ते बटलर घराण्याकडे होतं, ज्यांच्या या भागातल्या मळ्यांवर गुलाम केलेले लोक भात आणि कापूस पिकवत होते, आणि याच घराण्यातल्या पिअर्स बटलरने कर्ज फेडायला मार्च 1859 मध्ये जॉर्जियातल्याच सव्हाना शहराजवळ चारशेच्या वर माणसं लिलावात विकली, नवरा-बायको, म्हातारे, तान्ही मुलं. त्या किनाऱ्यावर शांत बसायचं तर हे माहीत असून बसायला हवं असं मला मनापासून वाटतं. पुढे 1908 मध्ये एका पेन्सिल कंपनीने बेट घेतलं, सीडरची झाडं तोडून पेन्सिली करायला. झाडं निघाली खाऱ्या वाऱ्याने वाकडी झालेली, पेन्सिलीच्या उपयोगाची नाहीत, आणि कंपनीच्या मालकाला तोवर जागा आवडली होती म्हणून त्याने ती स्वतःकडे ठेवली. म्हणजे जंगल वाचलं ते योगायोगाने. त्यानेच 1920 च्या दशकात युरोपातली हरणं आणून सोडली, ज्यांनी पुढे जंगलातला खालचा झाडोरा खाऊन फस्त केला, तेव्हा खासगी मालक म्हणजे निसर्गाचा तारणहार असं मी अजिबात म्हणत नाही.

म्हणूनच मला 2015 चा करार सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मालकांनी द नेचर कॉन्झर्व्हन्सी या संस्थेला बेटावर विकासाचे हक्क कायमचे लिहून दिले. जमीन मालकाची राहिली, पण उद्या ती कोणीही विकत घेतली तरी तिथे वसाहत उभी करता येणार नाही, करार जमिनीला चिकटलेला आहे, माणसाला नाही. माझी फूटपट्टी ही. असं काही लेखी बंधन नसेल, नुसती वेबसाइटवर हिरवी पानं आणि "इको" असेल, तर त्या बेटाबद्दल तुमच्याइतकीच मलाही चीड येते.

राहिलं "करायला काही नाही". इथे मात्र मी तुमच्याशी भांडणार. तिथल्या धक्क्यावर भरती येताना बसा. खाजणातल्या गवतावर नखाएवढ्या गोगलगाई असतात, ओहोटीला त्या खाली चिखलात चरत असतात, आणि पाणी चढायला लागलं की एकेक करून काडीवरून वर सरकायला लागतात, कारण पाण्याबरोबर त्यांना खाणारे खेकडे येतात. पाणी एक बोट चढलं की गोगलगाय एक बोट वर. पलीकडे चिखलात छोटे खेकडे, नराची एक नांगी अंगाएवढी मोठी, ती वर-खाली हलवत माद्यांना बोलावत असतात, आणि सावली पडली की सगळे एका क्षणात बिळात. सहा तासांत पाणी सहा-सात फूट चढतं, उधाणाला त्याहून जास्त, आणि सकाळी चिखल होता तिथे दुपारी होडी चालते. हे बघायला काही करावं लागत नाही पण वेळ लागतो, सलग, मध्ये कोणी न बोलवता. आपल्याकडे हल्ली नेमकं तेच नसतं. मला तिथे झोप चांगली लागली, खांदे सैल झाले, डोक्यातली यादी थांबली, आणि याचं कारण महागडी गादी नव्हती, आसपास माणसांचा आवाज नव्हता हे होतं. ज्या मर्यादेने चिखल्याची अंडी वाचतात त्याच मर्यादेने माणसालाही आराम पडतो, दोन वेगळ्या गोष्टी नाहीत या.

पैशांबद्दल तुमचं बरोबर आहे, ते मुक्काम महाग आहेत आणि बहुतेकांना परवडणारे नाहीत, यावर माझ्याकडे गोड उत्तर नाही. पण त्या किनाऱ्यावर जायचंच असेल तर कंबरलँडला जा, मनापासून सांगते. सेंट मेरीज गावातून फेरी सुटते, ती आधी बुक करा, ऐनवेळी जागा मिळेलच असं नाही. तंबू टाकून राहता येतं आणि खर्च कितीतरी कमी. बेटावर खायचं-प्यायचं काही विकत मिळत नाही, सगळं सोबत न्या आणि कचरा परत आणा. उन्हाळ्यात डास आणि डोळ्यांना न दिसणारी चावरी चिलटं जाम त्रास देतात, लांब बाह्यांचे कपडे घ्या, नाहीतर नोव्हेंबरनंतर जा. आणि कासवांच्या सीझनमध्ये गेलात तर रात्री पुळणीवर पांढरा टॉर्च लावू नका, लाल फिल्टर लावून घ्या.