‘माणूस तोडणारे’ म्हणून फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

गेले काही आठवडे माजी सैनिकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. मला तो चार जणांनी पाठवला, त्यात एक माझा मेहुणा. मेसेज असा: ‘फौजेत पूछताछ केलेल्या माणसाला सिव्हिलमध्ये दोनच कामं जमतात, वसुली आणि वॉचमनगिरी. त्याला माणूस तोडायची सवय लागलेली असते. चेहरा बघून तो दहा मिनिटांत खोटं पकडतो, त्यामुळे ऑफिसात घेतला की सगळ्यांच्या डोक्याला ताप. आणि केलेलं काम गुप्त, म्हणजे बायोडाटात लिहायला काही नाही.’

मी इंटेलिजन्स कोरमध्ये, म्हणजे लष्कराच्या गुप्तवार्ता शाखेत होतो. बाहेर पडून नऊ वर्षं झाली, त्यातली आठ मुंबईत विम्याच्या क्लेमचा तपास करण्यात गेली. फौजेत कुठे होतो, कुणाशी बोललो, ते सांगणार नाही आणि कुणी विचारूही नये. पण असले मेसेज वाचून एखादी कंपनी आमच्या पोराचा अर्ज बाजूला ठेवते. त्याहून वाईट म्हणजे ते पोरगं स्वतःच तसं मानायला लागतं. म्हणून एकेक वाक्य घेतो.

सुरुवात ‘माणूस तोडायची सवय’ इथून करतो, कारण बाकी सगळं त्याच्यावरच उभं आहे. पकडलेल्या सैनिकाने काय सांगायचं हे १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराच्या कलम १७ मध्ये लिहिलेलं आहे: नाव, हुद्दा, जन्मतारीख, सैनिकी क्रमांक. पुढे तो गप्प बसला तर त्याला छळता येत नाही, धमकावता येत नाही, गप्प बसल्याची शिक्षा म्हणून वाईट वागवताही येत नाही. आपल्याकडे त्यासाठी १९६० पासून स्वतंत्र कायदा आहे. कुणी कधीच हात उचलला नाही असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर आपण १९९७ साली सही केली, पण त्याला अजून मंजुरी दिलेली नाही, याची मला मनापासून खंत आहे. तरीही सांगतो, ज्याने हात उचलला तो या कामात कच्चा होता. मार खाणारा माणूस मारणाऱ्याला जे ऐकायचंय ते बोलतो. मग ती खोटी माहिती तपासत चार दिवस हिंडा. अमेरिकेच्या सिनेटच्या समितीने डिसेंबर २०१४ मध्ये सीआयएच्या कोठड्यांबद्दल जो अहवाल काढला, त्याचाही निष्कर्ष हाच होता की त्या छळातून माहिती मिळवण्याचा मार्ग कामाचा ठरला नाही.

या कामातली नाणावलेली माणसं कशी होती बघा. दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाई दलाचा हान्स शार्फ पकडलेल्या अमेरिकी वैमानिकांना रानात फिरायला न्यायचा, गप्पा मारायचा. थेट प्रश्न फारसा विचारायचाच नाही. आपल्याला सगळं आधीच ठाऊक आहे अशा थाटात बोलायचा, आणि समोरचा नकळत राहिलेल्या फटी भरून द्यायचा. तिकडे वॉशिंग्टनजवळच्या फोर्ट हंट या लष्करी ठाण्यात अमेरिकी चौकशी अधिकारी जर्मन कैद्यांशी बुद्धिबळ आणि टेबल टेनिस खेळायचे.

आणि ही माणसं नंतर काय झाली? शार्फ अमेरिकेत जाऊन मोझेकचा, म्हणजे रंगीत तुकडे जोडून चित्रं करणारा कलाकार झाला. फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डमध्ये सिंड्रेलाचा महाल आहे, त्यातल्या भिंतीवरची मोझेक चित्रं त्याच्या हातची. फोर्ट हंटमधला हेन्री कोल्म पुढे अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात भौतिकशास्त्रज्ञ झाला. वसुलीला किंवा गेटवर यातला कुणी गेला नाही.

आता ‘चेहरा बघून खोटं पकडतो’. हे वाक्य आमचं कौतुक म्हणून लिहिलंय असं काहींना वाटतं. माझ्या मते पूर्ण मेसेजमध्ये सगळ्यात घातक हेच. २००६ साली बाँड आणि डेपाउलो या दोन मानसशास्त्रज्ञांनी दोनशेवर अभ्यास एकत्र करून पाहिले, त्यात चोवीस हजारांवर माणसांनी समोरचा खरं बोलतोय की खोटं याचा अंदाज बांधला होता. अंदाज बरोबर निघाले शंभरात ५४. नाणं उडवलं तरी ५० निघतात. ज्यांचं रोजचं कामच हे, त्यांचे अंदाजही इतरांपेक्षा चांगले निघाले नाहीत.

मग आम्ही करतो काय? भांडुपची एक केस सांगतो, ओळख पटेल ते सगळं काढून.

डोंगरावरची वस्ती. पॉलिसी घेतल्यावर चौदा महिन्यांत नवरा गेलेला. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे जीवन विम्याची पॉलिसी तीन वर्षं जुनी झाली की कंपनीला तिच्यावर हरकत घेता येत नाही. त्याच्या आतला डेथ क्लेम आला की तपासाला माणूस जातो. त्या दिवशी तो मी होतो. फाइलवर शेरा होता: शुगर आधीपासून, लपवल्याचा संशय. घरात बाई, तिची सासू आणि दीर. मी बाईला काहीही विचारलं की उत्तर दीर द्यायचा. ती मांडीवर कागदांची प्लॅस्टिकची पिशवी घेऊन बसलेली. पिशवीची गाठ सोडायची, परत मारायची. नजर खाली.

चेहरा वाचणारा असतो तर ‘काहीतरी लपवतेय’ असं लिहून डोंगर उतरलो असतो.

मी फाइल मिटली आणि पाणी मागितलं. इथे पाणी किती वाजता येतं, विचारलं. म्हणाली, ‘पहाटे साडेचारला. हंडे तेच भरायचे. मला चढू द्यायचे नाहीत.’ तिथून ती बोलायला लागली. नवऱ्याची ड्युटी, डबा, चहा बिनसाखरेचा कधीपासून. दीर मधेच बोलायला गेला तर सासूनेच त्याला गप्प केलं. मग बाईने गाठ सोडली आणि सरकारी दवाखान्याचा केसपेपर काढून माझ्यापुढे ठेवला. पॉलिसीच्या आधीच्या तारखेचा. ‘साहेब, एजंटला ह्यांनी सांगितलेलं शुगर आहे म्हणून. तो म्हणाला, ते लिहायची गरज नाही.’ प्रपोजल फॉर्म, म्हणजे पॉलिसीचा अर्ज, काढून बघितला. सगळा इंग्रजीत, सही तेवढी मराठीत, आणि अक्षर एजंटचं.

तिचा जबाब मी तिच्याच शब्दांत लिहिला, वाचून दाखवला. दोन ठिकाणी तिने दुरुस्ती सांगितली, ती केली, मग सही घेतली. केसपेपरही जोडला. तो बाजूला ठेवायचा अधिकार मला नव्हता. निर्णय वरच्यांचा, आणि तीन महिन्यांनी क्लेम पास झाला.

यात फौजेत शिकलो नाही असं काही नव्हतं. घरात कोण बोलतंय आणि कोण बोलू शकत नाही ते आधी बघायचं. बिनकामाच्या वाटणाऱ्या गोष्टीपासून सुरुवात करायची. ऐकलं तेवढंच लिहायचं, आपलं मत त्यात मिसळायचं नाही. आणि प्रत्येक बोलणं कागदाशी ताडून बघायचं. इंग्लंड आणि वेल्सच्या पोलिसांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला चौकशीची पद्धत बदलून हाच रस्ता धरला, कारण दबावाखाली घेतलेल्या कबुल्यांवरून निरपराध माणसं वर्षानुवर्षं तुरुंगात बसल्याचं उघड झालं होतं.

वसुलीबद्दल. रिटायर होऊन आलो तेव्हा पहिला फोन एका वसुली एजन्सीचाच होता, नाव घेत नाही. म्हणाले, ‘साहेब, तुम्ही काही बोलू नका, नुसते दारात उभे राहा.’ मी गेलो नाही. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये बजावलंय की सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर कर्जदाराला वसुलीचा फोन करायचा नाही, धाकदपटशा करायचा नाही. ज्यांना दारात उभा राहणारा माणूस हवा असतो त्यांना हा नियम चुकवायचा असतो. सिक्युरिटीच्या कामाला मात्र मी हलकं म्हणणार नाही. रात्रपाळी करून पोरं शिकवणारे माझे कितीतरी सोबती आहेत. दुसरं काही जमणारच नाही म्हणून कुणाला तिकडे ढकललं जाऊ नये, एवढंच म्हणणं आहे.

मेसेजमध्ये एक गोष्ट अर्धवट खरी आहे, ती झाकून ठेवत नाही. बाहेर आल्यावर काही सवयी मोडाव्या लागतात. तिकडे समोरचा माणूस उठून जाऊ शकत नाही. इकडे तो दार लावून घेऊ शकतो, आणि तो त्याचा हक्क आहे. राज्यघटनेच्या कलम २०(३) प्रमाणे आरोपीलासुद्धा स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. पोलिसांपुढची कबुली सहसा कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, जुन्या कायद्यात नव्हती आणि १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही नाही. मी तर पोलीसही नाही. हे डोक्यात उतरायला मला वर्ष लागलं.

घरी जास्त लागलं. मुलगी क्लासवरून उशिरा आली की मी विचारायचो: कुठली लोकल, स्लो की फास्ट, कुठल्या डब्यात होतीस, बरोबर कोण. एकदा तिने सगळ्याची शांतपणे उत्तरं दिली आणि म्हणाली, ‘बाबा, झालं? आता जेवू?’ त्या रात्री मी जेवलो नाही. त्यानंतर ती आली की आधी ताट वाढतो आणि गप्प बसतो. सांगायचं ते ती सांगते. नव्याने बाहेर पडणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो, कारण नोकरीच्या आधी घर बिघडतं.

राहिला बायोडाटा. १९२३ चा गोपनीयता कायदा रिटायर झाल्यावरही लागू असतो, हे खरं. कुणाकडून काय कळलं, कुठे कळलं, यातला एक शब्द लिहायचा नाही. पण जबाब लिहिता येतो, दुभाष्याबरोबर काम केलंय, वेळेत अहवाल दिलेत, हे लिहायला कुणाचीच हरकत नसते. विमा कंपन्या, बँकांचे फ्रॉड विभाग, लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समित्यांचं काम, सगळीकडे हेच लागतं. दहावी पास आणि पंधरा वर्षं सेवा झालेल्या माजी सैनिकाला केंद्राच्या गट क मधल्या, पदवी लागणाऱ्या पण तांत्रिक अनुभव न लागणाऱ्या पदांसाठीही पात्र धरतात, तिथे माजी सैनिकांना दहा टक्के जागाही राखीव आहेत. सेवेच्या शेवटच्या काळात पुनर्वसन महासंचालनालयाचे कोर्स मिळतात. युनिटमध्ये विचारायला लाजू नका.

मेसेज पाठवणाऱ्या चौघांत खटाव तालुक्यातला एक पोरगा होता, नुकताच पेन्शन आलेला. त्याला दादरला बोलावला. हॉटेलात दोन चहा मागवून त्याचा बायोडाटा समोर घेतला. सोळा वर्षांची नोकरी आणि त्याखाली एक ओळ: ‘इंटरोगेशन ड्युटी’. ती खोडली. त्याच्याकडूनच एकेक काढत पाच ओळी लिहिल्या. तो निघायला उठला, आणि उभ्या उभ्या म्हणाला, ‘साहेब, काश्मिरी येते मला. बोलता पण आणि वाचता पण. ते लिहायचं असतं का?’ परत बसवला आणि ती ओळ सगळ्यात वर घातली. सोमवारी अंधेरीला त्याची मुलाखत आहे.