आधी बाजू सांगा, दुःख नंतर

19 नोव्हेंबरला जागतिक पुरुष दिन असतो हे तुम्हाला माहीत नसेल, तर तुम्ही आमच्या सोसायटीत राहत नाही. यंदा आमच्याकडे क्लब हाउसमध्ये त्यानिमित्त परिसंवाद ठेवला होता, 'आजचा पुरुष पीडित आहे का?' एका टेबलाशी स्त्रीवादी, दुसऱ्या टेबलाशी पुरुषहक्कवाले आणि मध्ये माईक घेऊन मी. सेक्रेटरींचं म्हणणं, "मॅडम, तुम्ही दोन्हीकडून बोलता." कार्यक्रम संपल्यावर एका टेबलाकडून "तुम्ही बाई म्हणूनच असं बोललात" आणि दुसऱ्याकडून "तुम्ही बाई असून असं बोललात" हे ऐकून घेतलं. बटाटेवडा गार झाला तो वेगळाच.

पण अनुभव वाया कशाला घालवायचा? कोथरूडात काय, औंधात काय, कधी ना कधी हा वाद तुमच्याही गळ्यात पडणारच. म्हणून हे थोडं मार्गदर्शन. पैसे घेत नाही.

सगळ्यात आधी बाजू ठरवा. विचार नंतर करता येतो, नाही केला तरी कुणाच्या लक्षात येत नाही.

मग आपापली प्रेतं निवडून ठेवा. पुरुषहक्कवाले असाल तर बायकोवर छळाचा आरोप करून जीव दिलेला बंगळुरूचा इंजिनिअर आणि ज्यात नवऱ्याचं प्रेत सापडलं तो मेरठचा निळा ड्रम. स्त्रीवादी असाल तर जीव गेलेली मुळशीची सून आणि हुंड्यातली ती फॉर्च्युनर. समोरच्यानं त्याचं प्रेत पुढे केलं की म्हणायचं, "एका घटनेवरून अख्ख्या समाजाला दोष देऊ नका." आपलं पुढे करताना म्हणायचं, "ही तर उजेडात आलेली एकच घटना." ही दोन वाक्यं तोंडपाठ हवीत. आमच्या परिसंवादात एकाच वक्त्यानं ती दोन्ही म्हटली, मध्ये फक्त पाण्याचा घोट घेतला.

आकडे वापरा, पण जेवढे पचतील तेवढेच. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचा 2021 चा अहवाल घ्या. देशात 1,64,033 आत्महत्या, पैकी 1,18,979 पुरुष. पुरुषहक्कवाल्यांनी इथे आवाज चढवायचा, टाळी घ्यायची आणि अहवाल मिटायचा. पान उलटायचं नाही. पुढे 42,004 माणसं रोजंदारीवर राबणारी निघतात आणि मग मंडईतला हमाल, बांधकामावरचा गवंडी, असल्यांचा विषय काढावा लागतो. त्यांच्यासाठी तुमच्या संघटनेनं आजवर काय केलं, असं कुणीतरी विचारून बसेल. कारणांच्या तक्त्यात 'कौटुंबिक समस्या' 33.2 टक्के आहेत. ते वाचताना 'कौटुंबिक'चा उच्चार 'बायको' असा करायचा. विवाहाशी संबंधित कारणांचा रकाना वेगळा आहे आणि तिथं 4.8 टक्के लिहिलंय, पण नेमका त्याच वेळी चष्मा सापडू नये. स्त्रीवाद्यांनी त्याच अहवालातल्या 23,179 गृहिणी हुंदका देऊन मोजायच्या आणि त्या लाखावर पुरुषांना "तेही पितृसत्तेचेच बळी" एवढ्या एका वाक्यात गुंडाळून पुढच्या मुद्द्यावर जायचं. माणूस मेलाय, हे त्या वाक्यात कुठेच येत नाही. हीच तर त्या वाक्याची सोय आहे.

कोर्टाचे निकालही असेच वाचायचे. सासरी होणाऱ्या छळाचं कलम 498अ 1983 साली आलं, आता ते भारतीय न्याय संहितेत 85 आणि 86 झालंय. नवरा निर्दोष सुटला? केस खोटीच होती. बायको एखाद्या गुन्ह्यातून निर्दोष सुटली? बाई म्हणून सोडली. दुसऱ्या टेबलावर हेच उलटं करायचं. शिक्षा झाली तर न्याय झाला आणि नाही झाली तर तपास कच्चा होता. सरसकट अटक करू नका, असं सर्वोच्च न्यायालयानं 2014 सालीच पोलिसांना बजावलंय, हे मात्र कुणीच उच्चारू नये. पुरुषहक्कवाल्यांच्या भाषणातली ती रात्री दोन वाजता पोलिसांनी उचलून नेलेली आजी मग बिचारी घरीच राहील. आणि कायद्याचा गैरवापर होतो असं त्याच निकालात लिहिलेलं असल्यामुळे स्त्रीवाद्यांनाही तो नकोच आहे.

ताराबाई शिंदे यांचं नाव दोन्ही टेबलांनी घ्यावं. 1882 मध्ये बुलढाण्याच्या या बाईनं 'स्त्रीपुरुष तुलना' या पुस्तकात विचारलं होतं की एकच दोष पुरुषात असला तर चालतो आणि बाईत असला की पाप, असं का? ते छापलं गेलं पुण्यात. नाव घ्या, प्रश्न घेऊ नका.

पुरुषहक्कवाल्यांनी वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी पिंपळाला उलट्या फेऱ्या माराव्यात. संभाजीनगरात मारल्याच्या बातम्या आपण वाचल्यात. पिंपळावर मुंजा राहतो, लग्न न झालेला. गाऱ्हाणं सांगायला माणूस बरोबर निवडलाय. आणि दुसऱ्या दिवशी वडाची तोडलेली फांदी कुंडीत खोचून, बाल्कनीत सूत गुंडाळणाऱ्या माझ्या स्त्रीवादी मैत्रिणीला काही विचारायचं नाही. ती तिची वैयक्तिक निवड आहे. शेजारणीनं तेच केलं तर मात्र ती रूढींची गुलाम.

पैशाचा विषय आला की जरा जपून. लग्न ठरताना मुलाच्या बायोडेटात पॅकेज 24 लाख असतं, बोनस धरून, शेअर धरून, पुढच्या वर्षीची वाढ धरून. तोच मुलगा शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात पोचला की प्रतिज्ञापत्रावर 'सध्या कामाच्या शोधात'. मुलीकडचा कागद बघा. कांदेपोह्यांच्या वेळी 'उच्चशिक्षित, एमएनसीत नोकरी, स्वतंत्र विचारांची', आणि पोटगीच्या अर्जात 'कोणतेही उत्पन्नाचे साधन नाही'. दोघांनी उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, असं सर्वोच्च न्यायालयानं 2020 साली ठरवून दिलं, ते उगाच नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 24 आणि 25 खाली नवराही पोटगी मागू शकतो, 1955 पासून. हे सांगितलं तर पुरुषहक्कवाल्यांचे चेहरे पडतात. हक्क आहे हे ऐकून आनंद व्हायला हवा की नाही? पण "बायकोकडून पोटगी घेतो" असं भावकीत कोण ऐकून घेणार! समानता हवी, पण मिशीला धक्का न लागता. पलीकडच्या टेबलावर समानता हवी, पण मुलाचा बाणेर-वाकडला टू बीएचके असल्याशिवाय पोहे करायचे नाहीत. हप्ता कुणी भरायचा? "तो काय, त्याचा फ्लॅट आहे ना."

आणि वडिलांच्या जमिनीचं काय? पुरुषांवर होणाऱ्या अन्यायावर अर्धा तास बोललेले आमचे एक वक्ते मधल्या सुट्टीत फोनवर होते. मी मुद्दाम ऐकलं नाही, ते मुद्दाम मोठ्यानं बोलत होते. बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घ्यायची राहिली होती. "अगं ताई, तुला काय कमी आहे?" मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा महाराष्ट्रानं 1994 ला दिला, देशानं 2005 ला. ताईला भाऊबीजेची साडी मिळणार. लिंगनिरपेक्ष कायदे हवेत म्हणणारी ही जीभ, बरं का.

(हुंडा देणं हासुद्धा 1961 पासून गुन्हा आहे, हा शोध याच मंडळींना मुलाचं लग्न उरकल्यावर लागतो. तोवर "आम्हाला काही नको, तुमच्या मुलीला हौसेनं काय द्यायचं ते द्या.")

आता सगळ्यात अवघड कौशल्य. प्रेक्षकांतून कुणी उठून खरोखरचं काही सांगू लागलं तर काय करायचं?

आमच्याकडे प्रश्नोत्तरांत एक गृहस्थ उठले. चाळिशीचे असतील, अंगात ऑफिसचाच शर्ट. म्हणाले, "बायको हात उचलते. मुलांसमोर. कुठे जायचं असतं?" एवढंच.

सभागृह हसलं.

कोण हसलं ते सांगते. आधी पुरुषहक्कवाल्यांचे प्रमुख वक्ते हसले. पुरुषाचं दुःख कुणी गंभीरपणे घेत नाही, असं दहाच मिनिटांपूर्वी टेबलावर मूठ आपटून सांगणारे ते हेच. म्हणाले, "साहेब, तब्येत तर चांगली खणखणीत दिसते!" पुन्हा हशा. मग स्त्रीवादी बाईंनी माईक घेतला. वाटलं, आता निदान या तरी बरं बोलतील. त्यांनी विचारलं, "मग तुम्ही सोडून का जात नाही?"

बाई, हा प्रश्न बायकांना विचारायचा नाही हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत ना? मार खाणारी बाई घर का सोडत नाही, यामागे मुलं असतात, पैसा असतो, लोक काय म्हणतील असतं, भीती असते, कधी प्रेमही असतं, हे समजावण्यात तुमची हयात गेली. आणि ते खरंच आहे. मग समोर तोच माणूस शर्ट-पँट घालून उभा राहिला की सगळं विसरायचं?

दहा मिनिटांनी बी विंगमधली एक बाई उठली. नवऱ्याचं तसंच. लग्नाला पुष्कळ वर्षं झालेली. आता पुरुषहक्कवाल्यांची पाळी. "एवढी वर्षं गप्प का बसलात? आत्ताच कसं आठवलं?" अहो, पुरुष लाजेपायी वर्षानुवर्षं गप्प राहतो असं तुमच्या पत्रकाच्या पहिल्या ओळीत छापलंय! त्याचं गप्प बसणं म्हणजे घुसमट आणि तिचं गप्प बसणं म्हणजे डाव? कुठल्या तराजूत मोजता हे?

2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत लग्न झालेल्या 100 बायकांपैकी साधारण 29 जणींनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. नवऱ्यानं काही केलेलं नसताना आपणच हात उचलल्याचं सुमारे 4 टक्के बायकांनी सांगितलं. नवऱ्यांना मात्र "तुम्हाला कधी मारलं का" हा प्रश्नच नव्हता. म्हणजे त्या ऑफिसच्या शर्टातल्या माणसाला विचारलेलंच नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात तक्रारदार म्हणून तो बसत नाही. चौकीत गेला तर तिथंही हसतीलच. पण तो तुमच्याकडे आला होता! आणि 29 पुढे 4 कमी आहेत म्हणून चौथ्या माणसाचा गाल कमी दुखतो का? किंवा 4 आहेत म्हणून 29 खोट्या पडतात? दोन्ही टेबलांवर हेच चाललं होतं. याच पाहणीत बायकोला मारायला काही कारणं रास्त असतात असं 45 टक्के बायकांना आणि 44 टक्के पुरुषांना वाटतं. हे वाचून दाखवलं तेव्हा दोन्ही बाजूंनी मला "विषयाला धरून बोला" म्हणून सांगितलं.

बास झालं आता मार्गदर्शन. उपरोध माझ्याच्यानं पुढे ओढवत नाही.

तुम्हाला खरंच कुणाची काळजी असती ना, तर 1 जुलै 2024 ला तुम्ही दोघं एकाच दारात उभे असता. त्या दिवशी नवी न्याय संहिता लागू झाली. नवऱ्यानं सज्ञान बायकोवर केलेली जबरदस्ती बलात्कार नाही, हा जुन्या दंड संहितेच्या 375 मधला अपवाद नव्या 63 मध्येही आणून ठेवला. आणि 'अनैसर्गिक' संबंधांचं जुनं कलम 377 काढून टाकताना, सज्ञान पुरुषावर बलात्कार झाला तर त्याला जे एक वाकडंतिकडं कलम होतं तेही गेलं. नवं काही दिलं नाही. एकाच कायद्यानं, एकाच दिवशी, दोघांच्याही माणसांना बाहेर उभं केलं. तुम्ही काय केलंत? लिंगनिरपेक्ष कायदे मागणाऱ्यांनी पहिला अपवाद टिकावा म्हणून कोर्टात धाव घेतली आणि दुसऱ्याबद्दल कुजबूज केली असेल-नसेल. कारण पुरुषावर अत्याचार करणारा बहुतेक वेळा पुरुषच असतो आणि मग बायकांना झोडायला मिळत नाही. आणि शरीरावर ज्याचा त्याचा हक्क म्हणणाऱ्यांनो, हा दुसरा माणूस तुमच्या किती फलकांवर होता?

दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीचा अहवाल जानेवारी 2013 मध्ये आला. विवाहातल्या बलात्काराचा अपवाद काढा, असं त्यात आहे. अत्याचार सोसणारी व्यक्ती कुठल्याही लिंगाची असू शकते हे कायद्यानं मानावं, असंही त्याच अहवालात आहे. तुम्ही दोघांनी तो भावकीतल्या जमिनीसारखा वाटून घेतलात आणि वर समोरच्यानं वाचला नाही म्हणून बोंब मारता. अख्खा वाचा. वाचायचा नसेल तर माईकला हात लावू नका. आणि समोर कुणी तोंड उघडलं की आधी त्याचं बोलणं संपू द्या, मग हवी ती मूठ आपटा.