शारंगपाणी आणि सहाशेचं पायताण

परवा माहेरच्या ग्रुपवर माझ्या नव्या कोरियन कमानीचा, म्हणजे धनुष्याचा, फोटो टाकला. काकांचं उत्तर लगेच: "हे कोरियाचं कसलं? शार्ङ्ग म्हणजे शिंगाचं धनुष्य. विष्णूच्या हातातलं. सगळं आपल्याकडनंच गेलंय." खाली नमस्कारांची रांग.

हेच काका 2025च्या जूनमध्ये, इटलीच्या प्रादा या फॅशन कंपनीनं मिलानला कोल्हापुरी पायताणं नाव न घेता मिरवली तेव्हा, आठवडाभर 'आमचा वारसा' म्हणून पेटले होते. पायात मात्र रबरी सँडल. कोल्हापुरातल्या चप्पल लाईनला गेलेच तर सहाशेचं पायताण चारशेला मागणार.

शार्ङ्गचा अर्थ बरोबर आहे, व्युत्पत्तीत काका हरत नाहीत. पण तसली कमान आज कोल्हापुरात कोण करतो, असं विचारलं की ग्रुप गप्प.

मी दक्षिण कोरियातल्या बुचॉन शहरात राहते. रविवारी सकाळी 145 मीटरवरच्या फळीवर नेम धरते. नेमाच्या वेळी कुणी बोलत नाही, हे एक सुखच. शिंगाच्या कमानीला इथे गाक्गुंग म्हणतात. पोटाला म्हशीचं शिंग, आत बांबू, टोकांना तुतीचं लाकूड, पाठीवर जनावराच्या शिरा (स्नायूंचे चिवट बंध), वरून बर्चची साल. चिकटवायला सरस, तोही आपल्या घोळीच्या जातकुळीतल्या माशाच्या फुग्याचा. दोरी काढली की कमान उलटी वळून जवळजवळ कडं होते. दमट हवेत सरस नरम पडतो, म्हणून तिला उबदार पेटीत ठेवायचं; तान्ह्या बाळाचे लाड परवडले.

ही कला इथल्या सरकारनं 1971मध्ये राष्ट्रीय वारसा म्हणून नोंदवली. आमच्या पायताणाला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळायला 2019 उजाडलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे इथे तिरंदाजीच्या पाचव्या दानच्या (श्रेणीच्या) परीक्षेला फायबरची कमान चालत नाही, शिंगाची कमान आणि बांबूचे बाणच लागतात. म्हणजे गिऱ्हाईक नियमानंच तयार होतं. काका, वारसा असा जगतो, फॉरवर्डवर नाही, असं मी टाईप केलं आणि पुसलं.

गेल्या थंडीत एका कारागिराकडे दोन शनिवार बसले होते. पाठीच्या कण्यालगतची वाळलेली शीर हातात दिली, पिवळट, लाकडासारखी टणक. हातोडीनं ठोकत राहायचं. बराच वेळ काहीच होत नाही, मग एकदम ती फुटते आणि आत तंतूच तंतू. ते फणीनं विंचरायचे. मला गल्लीत येणारा पिंजारी आठवला, त्याच्या धनुकलीची तात, तो टणत्कार. माझ्या हातून गुंता झाला. सन्सेंगनिमनी, म्हणजे गुरुजींनी, तो न रागावता बाजूला ठेवला आणि दुसरी शीर दिली. त्यांनी विंचरलेले तंतू सरसात भिजून कमानीच्या पाठीवर ओल्या केसांसारखे सरळ बसले. असे थरावर थर चढतात, मधे वाळायला दिवस जातात.

व्हिडिओ कॉलवर काकांनी विचारलं, "ते धागे कसले गं?" मी म्हटलं, "झाडाचे." बैलाचे आहेत, हे आमच्या ग्रुपवर सांगायची माझी छाती नाही.

आणखीही एक गोष्ट सांगत नाही, कारण मग वाद माझ्या हातून निसटतो. इथेही जनावरं कापणाऱ्या आणि कातडं कमावणाऱ्या बेकजोंगांना गावाबाहेर ठेवत. कायद्यानं भेद 1894मध्ये गेला, तरी 1923मध्ये त्यांना जिंजू शहरात समतेची चळवळ उभारावी लागली. हे वाचलं त्या रात्री मला नववीतली वर्गमैत्रीण आठवली. तिचे वडील पायताणं शिवायचे. घर आमच्यापासून पंधरा मिनिटांवर. ती दोनदा बोलावून गेली. आई नको म्हणाली, आणि मलाही हट्ट करावासा वाटला नाही. आता परक्या देशात शिरा विंचरते आणि त्याचे फोटो टाकते.

माझी कोल्हापुरी इथल्या जोड्यांच्या कपाटात आहे. निघायच्या आदल्या दिवशी घेतलेली. सहाशेची चारशेला. काका सोबत होते, पण घासाघीस मी केली होती. ते बाजूला उभं राहून म्हणत होते, "असू दे गं, देऊन टाक त्याला."