खडक उकळायचा नाही, तो फॉरवर्ड आधी डिलीट करा

"घरच्या टाकीत प्रवाळ, फक्त चार स्टेप" असा एक मेसेज बेळगाव-निपाणीकडं फिरालाय आणि परवा अक्काच्या पोरानं खानापुरातनं मलाच पाठवला, वर विचारालाय, "मामा, खडक किती वेळ उकळू?"

उकळायचाच नाही! मेसेज म्हणतोय, टाकीतल्या खडकावर झोआ (बटणासारखे झुपक्यानं वाढणारे मऊ प्रवाळासारखे जीव) नको तिथं पसरला तर कढत पाण्यात टाका, साफ होतोय. अरे, झोआच्या भावकीत, खास करून पॅलिथोआ नावाच्या जातीत, पॅलिटॉक्सिन म्हणून विष असतंय, ते उकळून जात नाही, वाफेबरोबर हवेत येतंय आणि गॅसजवळ उभी असलेली आई, शेजारच्या खोलीत झोपलेलं पोर, सगळ्यांच्या छातीत जातंय. ताप, खोकला, धाप, तोंडाला कडू धातूसारखी चव. अमेरिकेच्या सीडीसीनं, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेनं, 2015 साली अलास्कातल्या या विषाच्या केसेस छापल्यात, 2012 ते 2014 मधल्या, दुकानातल्या आणि घरातल्यासुद्धा, श्वासातनं झाल्याचा संशय असलेल्या. वाचा की जरा. कोरडा खडक ब्रशनं घासायचा पण नाही, आणि झोआला हात लावायचा तर ग्लोव्हज आणि चष्मा पाहिजेच.

झोआ चिवट आहे, लवकर मरत नाही, हे मेसेजमधलं मात्र खरं, तेवढं मान्य. नवीन माणसाला मीपण झोआ, मश्रूम, लेदर हेच मऊ प्रकार सांगतो, पण दुसऱ्याच्या टाकीत वाढलेला तुकडा घेऊन. मेसेजमधलं "मालवण-कारवारला जाऊन उचलून आणा" करू नका. कडक प्रवाळ 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या रांगेत, जेल होते.

मीठ किराणा दुकानातलं चालत नाही, ते नुसतं सोडियम क्लोराईड. रीफ सॉल्टच (समुद्री टाकीसाठी बनवलेलं मीठ) घ्या, आरओच्या पाण्यात, 35 पीपीटी, म्हणजे हजार भागात 35 भाग मीठ. बोअरचं पाणी नको. "दुसऱ्या दिवशी प्रवाळ सोडा" तर साफ खोटं, चार-सहा आठवडे टाकी तशीच चालवायची, पाण्यातली अमोनिया आणि नायट्राइट ही घाण टेस्टमध्ये शून्य आल्याशिवाय काही सोडायचं नाही.

"बेळगावात चिलर (पाणी थंड करायचं मशीन) लागत नाही" हे मेसेजमधलं अर्धं खरं. पावसात, थंडीत उलट हीटर लागतोय, पण एप्रिल-मेच्या दुपारी पाण्यावर पंखा लावावाच लागतोय आणि लाईट गेली तर बॅटरीवरचा एअर पंप पाहिजे.

आणि कुणी आधीच उकळला असेल आणि खोकला-ताप आला असेल तर घरातल्या सगळ्यांना घेऊन बाहेर पडा, दवाखान्यात जा, डॉक्टरांना "झोआ, पॅलिटॉक्सिन" असं नाव घेऊन सांगा, नाहीतर ते व्हायरल समजून गोळ्या देऊन घरी पाठवतील.