ह.भ.प. म्हणजे 12 बाइट
गोव्यातल्या वास्कोच्या दामोदर भजनी सप्ताहात आमच्या मंडळाच्या पाळीचे जे ध्वनिमुद्रण होते, त्याच्या फ्लॅक (आवाजाचा दर्जा न घटवता तो साठवणाऱ्या प्रकारच्या) फाइलीवर गायक-वादकांची नावे चढवण्याचे काम, घरात संगणकावर बसणारा एकमेव प्राणी म्हणून, माझ्या गळ्यात पडले आहे. त्यासाठी सी भाषेत लिहिलेल्या माझ्या छोट्या प्रोग्रामची सारी भिस्त लिबफ्लॅकच्या, म्हणजे फ्लॅक फाइली हाताळणाऱ्या तयार कोडसंग्रहाच्या, 'मेटाडेटा चेन राइट' या माहिती लिहिणाऱ्या फंक्शनवर आहे आणि हे फंक्शन स्वभावाने कमालीचे काटकसरी आहे. फ्लॅक फाइलीत आधी माहिती आणि मागून गाणे असते. माहिती वाढली की सगळे गाणे मागे सरकवण्याची पाळी येऊ नये, म्हणून माहितीच्या शेवटी रिकामी जागा राखलेली असते. ती एरवी 8,192 बाइट आणि वीस मिनिटांहून मोठ्या ध्वनिमुद्रणात 65,536 बाइट असते. नवा मजकूर तेवढ्यात मावला तर फंक्शन गाण्याला हातही न लावता क्षणात मोकळे होते.

थोरले काका पेटी वाजवतात. "अरे, नुसते नाव काय लिहितोस? मागे ह.भ.प. नको का?" असे म्हणून त्यांनी सुरुवात केली. यूटीएफ-8 या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा आणि हलन्तसुद्धा, तीन बाइट खाते, त्यामुळे ह.भ.प. टिंबांसकट 12 बाइटांना पडले आणि दुसऱ्या दिवशी सुचलेले 'गायनाचार्य' 30 बाइटांना. तरीही मी निश्चिंत होतो, कारण त्या रिकाम्या जागेत मंडळातल्या प्रत्येकाला पद्मविभूषण देऊनही भरपूर शिल्लक राहिली असती.

मग काकांनी पेटीसह काढलेला स्वतःचा फोटो पाठवला. तो चार एमबीचा निघाला.

आता काटकसर संपली. फंक्शन मूळ फाइलीशेजारी तात्पुरती फाइल उघडते, तीत नवी माहिती लिहून तासन्‌तासांचे भजन पहिल्यापासून उतरवून काढते आणि सगळे पार पडल्यावरच ती मूळ फाइलीच्या जागी बसवते. काम कुठवर आले, हे मात्र ते अवाक्षरानेही सांगत नाही. काका मागे खुर्ची टाकून बसलेले, दर मिनिटाला "झाले काय रे?" विचारणारे, आणि बाहेर श्रावणातला पाऊस. फोंड्याकडे आमच्या वाड्यावर माडाची झावळी हलली तरी वीज जाते. तीही जायची तशी गेलीच. मूळ भजन शाबूत राहिले आणि शेजारी अर्धवट प्रत उरली. बिघडले तर आपलेच बिघडवून घ्यायचे, दुसऱ्याचे नाही, एवढा सभ्यपणा मी मंडळाच्या वार्षिक सभेतही पाहिलेला नाही.

वीज आल्यावर सगळे पुन्हा पहिल्यापासून झाले आणि फोटो बसला. या फंक्शनला फाइलीची जुनी तारीख तशीच ठेवायलाही सांगता येते आणि मी शिस्त म्हणून ते सांगतो. परिणामी काका हल्ली ती तारीख दाखवून सर्वांना ऐकवतात की, गायनाचार्य हे बिरुद सप्ताहाच्या दिवसापासूनच फाइलीत होते.