चालत्या कोडला हात का लावला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

ग्वाल्हेरहून आलेली तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, सकाळी पुन्हा एकदा वाचली. मागच्या लेखात मी पोस्टग्रेस या डेटाबेसमधला प्रोसेस सुरू करण्याचा कोड गेल्या काही आवृत्त्यांत कसा आवरला गेला, ते लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: वीस वर्षं बिनतक्रार चाललेल्या कोडची नुसती हलवाहलव झाली, वापरणाऱ्याच्या पदरात काही पडलं नाही, जुन्या आवृत्त्यांवर दुरुस्त्या नेणं मात्र अवघड झालं, आणि मी बडोद्यातल्या नवशिक्या मुलांना असल्या झाडलोटीच्या नादी लावते आहे. तुम्ही स्वतः डेटाबेस सांभाळता, सर्व्हर पडला की मध्यरात्री फोन तुम्हालाच येतो. त्यामुळे हा राग मी गंभीरपणे घेते आणि सविस्तर लिहिते.

आधी ‘बिनतक्रार’ या शब्दाबद्दल. तुमचे सगळे सर्व्हर लिनक्सवर आहेत असं तुम्ही लिहिलंय. तिथे नवं कनेक्शन आलं की पोस्टमास्टर, म्हणजे सर्व्हरची मुख्य ‘आई’ प्रोसेस, फोर्क करतो, स्वतःपासून नवी ‘मूल’ प्रोसेस काढतो, आणि मुलाला आईच्या मेमरीची जशीच्या तशी प्रत मिळते. ग्लोबल व्हेरिएबल, उघड्या फाइली, सगळं आयतं. विंडोजवर फोर्क नाही. तिथे पोस्टग्रेस ८.०पासून, म्हणजे २००५पासून, नवी प्रोसेस अगदी कोरी सुरू होते. आईने निवडक व्हेरिएबल एका गाठोड्यात बांधून द्यायची, मुलाने ती सोडून घ्यायची, आणि मग शेअर्ड मेमरीला, म्हणजे सगळ्या प्रोसेसच्या सामाईक मेमरीला, त्याच पत्त्यावर स्वतःला जोडून घ्यायचं. कोडमध्ये या वाटेला ‘एक्झेक_बॅकएंड’ म्हणतात.

आता चौदाव्या आवृत्तीचा कोड उघडून बघा. कनेक्शन सांभाळणाऱ्या प्रोसेसच्या मुख्य फंक्शनमध्ये ‘इनिटप्रोसेस’ला (शेअर्ड मेमरीत प्रोसेसची स्वतःची जागा घेणाऱ्या फंक्शनला) हाक आहे, पण तिच्याभोवती ‘इफडेफ’चं, म्हणजे कंपाइल करतानाच्या अटीचं, कुंपण आहे: साध्या वाटेवर ती हाक इथे मारायची, विंडोजच्या वाटेवर ती आधीच दुसऱ्या फाइलमध्ये मारून झालेली असते. ऑटोव्हॅक्यूमच्या (मेलेल्या ओळी आपोआप झाडणाऱ्या प्रोसेसच्या) फाइलमध्ये पुन्हा तसंच कुंपण. म्हणजे एकच प्रोसेस, पण स्वतःची जागा घेणं आणि बाकीची पायाभरणी करणं यांचा क्रम दोन वाटांवर वेगळा. तुमच्या माझ्या लिनक्सवर जो क्रम तपासला जायचा, तो विंडोजवर चालतच नव्हता. २०२१ साली जी सफाई झाली तिने पहिल्यांदा हेच केलं: दोन्हीकडे आधी जागा घ्यायची, मग पाया.

नावांबद्दल तुम्ही ‘बारसं पुन्हा कशाला’ असं विचारलंय. तर एक नाव घेते. ‘क्रिएटशेअर्डमेमरीअँडसेमाफोर्स’. विंडोजच्या वाटेवर जवळजवळ प्रत्येक मूल प्रोसेस हे फंक्शन बोलवायची, आणि ती काहीही ‘क्रिएट’ करत नव्हती! आईने आधीच तयार केलेल्या मेमरीत आपले पॉइंटर लावून घ्यायची, एवढंच. आत ‘मी आई की मूल’ असे प्रश्न विचारत विचारत ते फंक्शन पुढे जायचं. सतराव्या आवृत्तीत मुलांसाठी वेगळं फंक्शन आलं आणि त्याचं नाव ‘अटॅच’ने सुरू होतं. मी हा कोड पहिल्यांदा वाचला तेव्हा या एका नावापायी माझी अख्खी संध्याकाळ गेली होती. मेमरी दोनदा का तयार होते आहे, हे शोधत बसले होते मी.

पण मला खरा जीव लावणारा बदल तो नाही. जुन्या कोडमध्ये प्रत्येक प्रकारच्या प्रोसेससाठी कमांड लाइनवर वेगळी खूण असायची, आणि तिचं काय करायचं ते दोन ठिकाणी लिहिलेलं असायचं. वर एक लांबलचक अट, कोणत्या खुणेला शेअर्ड मेमरी पुन्हा जोडायची ते सांगणारी. खाली प्रत्येक खुणेची वेगळी फांदी, त्यात त्याच तीन-चार ओळी पुन्हा पुन्हा. नवी प्रोसेस घालायची तर दोन्ही जागा जुळवायच्या, आणि एक राहिली तरी लिनक्सवर कुणाला पत्ता लागणार नाही. सतराव्या आवृत्तीत, २०२४ साली, ‘लाँच_बॅकएंड.सी’ नावाची फाइल आली. तिच्यात एक तक्ता आहे. एका प्रकाराला एक ओळ, ओळीत नाव, मुख्य फंक्शन, आणि शेअर्ड मेमरीला जोडायचं की नाही.

त्या तक्त्यात लॉग लिहिणाऱ्या प्रोसेससमोर ‘फॉल्स’, म्हणजे ‘जोडायचं नाही’, असं आहे. तुम्ही सर्व्हर सांभाळता म्हणून तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त कळेल. एखादा बॅकएंड, म्हणजे कनेक्शन सांभाळणारी प्रोसेस, कोसळला की पोस्टमास्टर शेअर्ड मेमरी बिघडली असं धरून बाकीच्यांना घरी पाठवतो आणि सगळं नव्याने उभं करतो. त्या धुमश्चक्रीत लॉग लिहिणारा मात्र जागेवर राहिला पाहिजे, नाहीतर नेमकं काय घडलं ते कोण लिहिणार? म्हणून तो त्या मेमरीला शिवतच नाही. हा इतका मोठा निर्णय आज एका शब्दात, बाकी प्रोसेसच्या शेजारी, डोळ्यांसमोर दिसतो.

‘वापरणाऱ्याच्या पदरात काय पडलं’ या प्रश्नाचं उत्तर पंधराव्या आवृत्तीत आहे. त्याआधी आकडेवारी गोळा करायला वेगळी प्रोसेस होती. बॅकएंड तिला यूडीपीने, म्हणजे पोहोचल्याची हमी नसलेल्या नेटवर्क-पद्धतीने, निरोप पाठवायचे, काही निरोप वाटेत हरवायचे, आणि ती सगळं फाइलीत लिहीत बसायची. २०२२च्या पंधराव्या आवृत्तीत ती प्रोसेसच गेली, आकडे थेट शेअर्ड मेमरीत आले. पण त्यासाठी प्रोसेस मरताना आपले शेवटचे आकडे मेमरी हातची सुटायच्या आत लिहून ठेवायला हवेत. बाहेर पडतानाची कामं नोंदवलेल्या क्रमाच्या उलट होतात, आणि डायनॅमिक (गरजेनुसार मागून घेतलेली) शेअर्ड मेमरी मध्येच एका ठरावीक टप्प्यावर सुटते. त्या टप्प्यानंतर आकडे लिहायला गेलात तर लिहायला जागाच नाही. म्हणून कोण कधी नोंदणी करतो, हे प्रत्येक प्रकारच्या प्रोसेसमध्ये आधी नीट करावं लागलं. २०२१मधली जी हलवाहलव तुम्हाला खटकली, तिच्यातला बराच भाग या कामाची पूर्वतयारी होता. ‘पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी’च्या (सध्या कोण काय करतंय ते दाखवणाऱ्या तक्त्याच्या) शेजारचे जे आकडे तुम्ही रोज बघता, ते या आवराआवरीवर उभे आहेत.

आता बडोद्यातल्या शिकणाऱ्या मुलांबद्दल. दर रविवारी दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या वाड्याच्या माडीवर सात-आठ जण जमतात, पोस्टग्रेसचा कोड वाचतात. पावसाळ्यातली गोष्ट. एका मुलीने सराव म्हणून पोस्टमास्टर सुरू होताना एक आकडा ग्लोबल व्हेरिएबलमध्ये ठेवला आणि प्रत्येक कनेक्शनला तो लॉगमध्ये छापला. तिच्या लिनक्सवर बेचाळीस छापला जायचा. शेजारी बसलेल्या मुलाच्या विंडोजवर शून्य. दोघांचा कोड ओळीला ओळ सारखा. दोन तास झाले, मागवलेली शेव उसळ गार झाली, कुणी उठेना. मग मी त्यांना लिनक्सवरच ‘एक्झेक_बॅकएंड’ लावून कंपाइल करायला सांगितलं, आणि तिच्याही पडद्यावर शून्य आलं. त्या मुलीचा चेहरा मला अजून आठवतो. ‘म्हणजे माझ्याकडे ते कधी बरोबर नव्हतंच, ताई?’ असं म्हणाली. नंतर गाठोडं बांधायची जागा तिने स्वतः शोधली, कारण बांधणं आणि सोडणं दोन्ही आता ‘लाँच_बॅकएंड.सी’ या एका फाइलीत आहे. सफाईने ही अडचण नाहीशी केली असा माझा दावा नाही. व्हेरिएबल आजही हाताने गाठोड्यात घालावं लागतं. फक्त ते कुठे घालायचं हे सतरा वर्षांच्या पोरीला, कुणाला न विचारता, सापडलं.

दुरुस्त्या मागे नेण्याबद्दल मात्र तुमचं खरं आहे, आणि माझ्या लेखात त्यावर एक ओळही नव्हती. प्रत्येक मुख्य आवृत्तीला पाच वर्षं आधार मिळतो, म्हणजे कोणत्याही वेळी पाचएक आवृत्त्या जिवंत असतात. प्रोसेस सुरू करण्याच्या कोडमध्ये आज एखादा दोष सापडला तर तो सतरामध्ये एका फाइलीत दुरुस्त करायचा आणि चौदामध्ये पूर्णपणे वेगळ्या जागी. ते काम करणाऱ्याला दोन्ही नकाशे डोक्यात ठेवावे लागतात, आणि हा भार सफाई करणाऱ्यावर न पडता भलत्याच माणसावर पडू शकतो. जुन्या आवृत्त्या एकेक करून निवृत्त होतील तसा तो उतरेल, पण आज तो आहे.

इतिहास पुसला जातो, हे तुमचं म्हणणं मला तितकं पटत नाही. ‘गिट ब्लेम’ला (कोणती ओळ कुठून आली ते सांगणाऱ्या कमांडला) मोठ्या ‘सी’चा पर्याय दिला की दुसऱ्या फाइलीतून आलेल्या ओळींचाही माग लागतो, आणि ‘गिट डिफ’मध्ये हललेल्या ओळी वेगळ्या रंगात दाखवता येतात. अट एकच: हलवणं आणि बदलणं एकाच कमिटमध्ये नको. हलवताना एक जरी अट बदलली तर तपासणाऱ्याला ती त्या ढिगाऱ्यात दिसत नाही.

आणि इथे तुम्ही माझी चूक बरोबर पकडलीत. ‘नवशिक्यांनी पहिला पॅच सफाईचा पाठवावा’ असं मी लिहिलं होतं. ते वाक्य मी आज लेखातून काढलं आहे आणि तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख करून खाली तशी नोंद केली आहे. या कोडमध्ये एक ओळ वर सरकवायची तर सिग्नल कधी चालू होतात, जागा कधी मिळते, मरताना काय सुटतं, हे सगळं ठाऊक पाहिजे. ती अनुभवी हातांची कामं आहेत, आणि तपासणाऱ्यांचा वेळ मोलाचा आहे. आमच्या माडीवरून आजवर असा एकही पॅच बाहेर गेलेला नाही. आम्ही वाचतो, मोडतो, पुन्हा कंपाइल करतो.

एक विनंती आहे. तुमच्या चाचणीच्या मशीनवर चौदा आणि सतरा दोन्हींचा सोर्स शेजारी शेजारी उघडा, आणि चेकपॉइंटर (मेमरीतले बदल ठरावीक वेळाने डिस्कवर लिहिणारी प्रोसेस) सुरू कसा होतो तेवढंच दोन्हीकडे शोधा. किती फाइली उघडाव्या लागल्या ते मला कळवा. आकडा माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध आला तरी तो इथे तुमच्या शब्दांत छापेन.