‘सगळ्यांना सारखंच सबमिशन’ हा न्याय नव्हे

प्राध्यापकांच्या ग्रुपवर सध्या एक मजकूर फिरतोय: ‘विषय एकच, तारीख एकच, वीस पानं हातानं लिहून घ्या. सूचना समजावत बसणं म्हणजे लाड, मुदत वाढवणं म्हणजे दर्जाशी तडजोड.’ मला यातलं काहीच पटत नाही.

म्हणे, हातानं लिहिलं की कॉपी थांबते. गेल्या वर्षी मी ‘महाराष्ट्रातील दुष्काळ : कारणे व उपाय’ हा विषय दिला होता. गठ्ठा तपासताना सात फायलींत ‘पर्जन्यमान’चं ‘पर्जन्यमन’ झालेलं! सीनियरची एकच फाइल सगळ्यांनी रात्र जागून उतरवली होती. उद्या चॅटजीपीटीचं उत्तर उतरवतील. चूक माझ्या प्रश्नाची होती. यंदा सांगितलं, घरातल्या किंवा गावातल्या कुणाकडून १९७२च्या दुष्काळाची आठवण लिहून आणा आणि पुस्तकातल्या एका कारणाशी ताडून पाहा. चार पानं पुरेत. एका मुलीनं आजीबद्दल लिहिलं. आजी रस्त्याच्या कामावर खडी फोडायची, मिळालेली सुकडी पदरात बांधून पोरांसाठी आणायची. खाली मुलीचा प्रश्न होता: ‘शेजारच्या बागायतदाराच्या विहिरीला तेव्हाही पाणी होतं. मग दुष्काळ नुसता पावसाचा कसा?’ मी ते पान दोनदा वाचलं.

त्यांचा दुसरा मुद्दा, म्हणे स्पष्ट सूचनांनी मुलं परावलंबी होतात. ‘चिकित्सक विवेचन करा’ म्हणजे नेमकं काय, हे पदवीधर आईबापांच्या मुलाला घरीच कळतं. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्यानं कुणाला विचारायचं? अमेरिकेत अध्यापनपद्धतींवर संशोधन करणाऱ्या मेरी-ॲन विंकल्मस आणि सहकाऱ्यांनी सात संस्थांमध्ये हे करून पाहिलं. कोर्समधल्या फक्त दोन असाइनमेंटमध्ये हेतू काय, करायचं काय आणि गुण कशाला, एवढं आधी स्पष्ट केलं. २०१६मध्ये निष्कर्ष छापून आले. मुलांचा आत्मविश्वास वाढला, आणि जास्त फायदा पहिल्या पिढीतल्या व गरीब घरांतल्या मुलांना झाला. उत्तर कुणीच आयतं दिलं नव्हतं.

राहिली मुदत. दिव्यांग विद्यार्थ्यांना परीक्षेत जादा वेळ देण्याची तरतूद २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातच आहे. तिथे दर्जा घसरत नसेल, तर सबमिशनलाच कसा घसरतो? सरसकट मुदतवाढ मीही देत नाही. आठ दिवस आधी अर्धं पान कच्चं मागते. यंदा तिघांनी कोरं दिलं. तासानंतर थांबवून विचारलं, तर दोघं रात्रपाळी करून थेट वर्गात येत होते. त्यांना सोमवारपर्यंत वेळ दिला.